विंगेतली किंकाळी

माझी मावशी आयुष्यभर दुसऱ्या बायकांसाठी ओरडली. नाटक मंडळीत तिचं काम कपडेपट सांभाळायचं: इस्त्री, टाके, गुंड्या. पण ग्रीक शोकांतिका लागली की तिला विंगेत उभं करायचे. त्या नाटकांतल्या बायका सहसा प्रेक्षकांसमोर मरत नाहीत. राणी आत जाते, आतून किंकाळी येते आणि मग निरोप्या बाहेर येऊन ती कशी मेली ते सविस्तर सांगतो. मरायचं बाईनं, बोलायचं बाप्यानं. ग्रीकांच्या काळी तर राणीसुद्धा मुखवटा घातलेला पुरुषच असायचा. म्हणजे मरायलाही बाई लागत नव्हती.

मुख्य नटीचा गळा जपायला हवा, म्हणून किंकाळी मावशीची. ती चपला काढायची, पाठ भिंतीला टेकवायची आणि पोटातून असा आवाज काढायची की अख्खं थिएटर चिडीचूप. घरी मात्र तिचा चढलेला आवाज कुणी ऐकला नाही. "ही सगळा माल नाटकाला पुरवते, आम्हाला काही उरवत नाही," असं काका म्हणायचे. एकदा मी विचारलं, "ओरडताना कुणाला आठवतेस गं?"

"आठवायला कशाला लागतंय? साचलेलं असतंच की."

निरोप्याचं काम वर्षानुवर्षं एकच गृहस्थ करायचे. त्यांचं नावच निरोप्या पडलं होतं. ते दाराआड खाली मान घालून उभे राहायचे आणि मावशीचा आवाज पुरता विरल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत. कितीही लांबला तरी. "तिचं संपल्याशिवाय मी कोण बोलणार?" म्हणायचे.

मग नवा दिग्दर्शक आला. त्यानं एक जुनी शोकांतिका 'राणीच्या बाजूनं' नव्यानं लिहिली होती. राजाच्या हट्टापायी मुलगा मरतो, ते ऐकून राणी एक अक्षर न बोलता आत निघून जाते, ती गोष्ट. पत्रकारांना बोलावून यानं सांगितलं, "हजारो वर्षं दाबलेला स्त्रीचा आवाज मी मोकळा करतोय." मी करतोय म्हणे! माझी तेव्हाच तळपायाची आग मस्तकात गेली होती. मावशी राणीच्या झग्याला अस्तर लावत होती.

तालमीत तो तिला म्हणाला, "मावशी, एकदा माइकसमोर ओरडून दाखवा. नुसतं नमुन्याला." तिनं विश्वासानं दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती चपला काढून भिंतीशी उभी राहिली, तर वरच्या स्पीकरमधून तिचीच किंकाळी आली. तोंड मिटलेलं आणि आवाज चालू.

"आता तुम्हाला त्रास नको," दिग्दर्शक म्हणाला. "शिवाय रोज अगदी सारखी येईल."

"रोज सारखं कोण मरतं?" मावशी म्हणाली. "ते पुसा. आवाज माझा आहे."

"तुम्हीच तर दिलात."

मावशीनं कपडेपटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी आली. त्या आठवड्यात ती इतकी गप्प होती, की काकांनी एकही विनोद केला नाही. मी म्हटलं, जाऊन भांडूया. ती म्हणाली, "भांडायला आवाज लागतो. तो तिकडे राहिलाय."

पहिल्या प्रयोगाचा पास आला, तो तिनं फाडला. तिकीट काढून आम्ही दोघी मधल्या रांगेत बसलो. राणीनं मुलाची बातमी ऐकली, वळली, आत गेली. स्पीकर ओरडला आणि बटण दाबल्यासारखा गप्प झाला. आवाज तिचाच होता, पण मला काहीसुद्धा झालं नाही. निरोप्या दारातून बाहेर आले.

माझ्या शेजारी चपला सरकवल्याचा आवाज झाला. मावशी उभी राहिली. आणि ओरडली.

असं ती विंगेतही कधी ओरडली नव्हती. राणीचं त्यात काही नव्हतं. तिचं स्वतःचं होतं, सगळ्या वर्षांचं. माझ्या अंगावर काटा आला आणि मला रडू फुटलं. निरोप्यांनी उचललेलं पाऊल मागे घेतलं, दाराआड गेले, मान खाली घातली. ती थांबेपर्यंत नाटक थांबलं. मग ती खाली बसली आणि ते बाहेर आले. 

लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. शेवटी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि दिग्दर्शकानं निर्लज्जपणे वाकून घेतल्या. पडदा पडल्यावर त्यानं आम्हाला आत बोलावलं. चेहरा नुसता फुलला होता.

"कमाल केलीत, मावशी! उद्यापासून रोज असंच. ती खुर्ची तुमचीच."

"आधी ते पुसा."

"असू दे हो. तुम्हाला कधी बरं नसलं तर उपयोगी पडेल."

मावशी चपलेत पाय घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मला बरं नसेल त्या दिवशी राणी मरणार नाही."

दिग्दर्शक हसला. त्याला वाटलं, बाकीचेही हसतील. निरोप्या दाढी उतरवत होते, ते म्हणाले, "मग त्या दिवशी मला सांगायलाही काही नसेल. मी बाहेर येणार नाही."

ध्वनियंत्रावरच्या माणसानं दिग्दर्शकाकडे पाहिलंसुद्धा नाही. मावशीला जवळ बोलावलं आणि पुसायचं बटण तिलाच दाबू दिलं.