किटलीभर बर्फ

आज सकाळी साडेदहाला मी कंपनीत लेबलं चिकटवत होतो. तेवढ्यात गेटवरून निरोप आला, "तुझी मावशी आलीय."

मंडळी, परंदवडीजवळच्या आमच्या कंपनीत मानवी प्रथिन कृत्रिमरीत्या तयार होतं. ते स्त्रीच्या अंडाशयातलं एक हॉर्मोन असून कॅन्सरच्या संशोधनासाठी जातं. मी नववीपर्यंत शिकलेला, माझं काम लेबलांचं. दिवाळीत मावशीला हे कौतुकाने सांगितलं होतं. त्या प्रथिनाची बाटली बर्फातच ठेवावी लागते, हेही.

मावशीच्या मुलीला, सुमनताईला, अंडाशयाचाच कॅन्सर आहे. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलंय.

मावशी आंदर मावळातून आली होती. हातात दुधाची किटली, कामशेतला घेतलेल्या बर्फाने गच्च भरलेली.

"येकच बाटली दे रं. बरफ आनलाय, खराब न्हाई व्हायची."

"मावशी, ते औषध न्हाई. माणसांना देऊ नये असं लेबलावरच लिहिलंय."

"मानसाचंच हाय म्हनला व्हतास न्हवं?"

"त्याच्यावर शोध करतात. औषध निघालं तर पुढं कधीतरी."

"पुढं कवा? सुमन हाय तवर?"

मावशीने किटलीचं झाकण घट्ट दाबलं आणि तशीच परत निघाली. मी आत जाऊन उरलेली लेबलं चिकटवली.

मघाशी ताईचा फोन आला. आवाज अगदी बारीक झालाय.

"आई कायबी बोलंना. किटलीत गार पानी हाय. ह्येच औषध का रं?"

"थांब, सांगतो," म्हणून मी फोन ठेवला. तुम्ही काय सांगितलं असतं?