बायांचा डोंगा

आमच्या तलावातल्या बेटावर दरवर्षी दिवाळीनंतर गाण्यांची जत्रा भरते. तिचा इतिहास विचारायला हल्ली नागपूरची पोरंसुद्धा येतात. माझे दीर पायावर पाय टाकून तो सांगतात आणि मी चहा देते. ऐकणाऱ्याला वाटावं, या बाईचा जत्रेशी संबंध चहापुरताच.

दीर काही वर्षं गोव्याच्या एका हॉटेलात भांडी घासायला होते. परत आले ते एक छोटा स्पीकर घेऊन. त्यात रेगे नावाची गाणी भरलेली. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटावरच्या लोकांची गाणी, म्हणे. दीर म्हणाले, "त्याइचं बेट, आपलंबी बेट. इथंच वाजवू ना!" सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. आमच्या घराण्यात मासे धरायचे, धान पिकवायचं आणि मंडईच्या मेळ्यात दंडारीचा खेळ बघायचा, एवढंच ठाऊक. दंडारीत बाईचं काम पुरुषच करणार, साडी नेसून, मिशी काढून. पण गाण्याचं नाव काढलं की आमच्याकडची माणसं घरात बसत नाहीत. ढोलकीवाले आले आणि ओसरीवर पहिल्या जत्रेची तालीम सुरू झाली.

तिथेच घोडं अडलं. ठोका जिथे पडायला हवा तिथे पडतच नव्हता. ढोलकीवाला वैतागून म्हणाला, "हा ठोका काहून मांगं राहून राहिला बाप्पा?"

मी आत मासे साफ करत होते. मला हसू आलं. धानाच्या बांधीत रोपांची रोवणी करताना पाय चिखलात रुततो. तो उपसायचा, मग हात खाली जातो, म्हणून आमच्या बायांच्या गाण्यात ठोका जरासा मागूनच येतो. त्या लांबच्या लोकांचे पाय कशात रुतले होते, देव जाणे. मी दारात येऊन म्हटलं, "हे तं रोवण्याचं गाणं हाय!" आणि मीच जुळवलेलं एक म्हणून दाखवलं:

चारी अंगानं पाणी बाई, मंधात माझं घर
नाववाल्या, सांग ना, कोणत्या काठाले माहेर

ढोलकी बरोबर बसली. दीर उड्या मारायचे तेवढे राहिले होते. त्यानंतर त्यांना हवं तेव्हा मी गाणी जुळवत गेले, जाळं विणता विणता, तांदूळ निवडता निवडता. जत्रेतली निम्मी गाणी माझी आहेत. कोणी विचारलं तर दीर सांगतात, "गावाचंच हाय सगळं." आता मी काय गावाबाहेरची?

पण माझं गाणं बेटावर मी कधी ऐकलं नव्हतं. कारण बायांचा डोंगा. सकाळी त्या लाकडी नावेतून आम्ही बाया बेटावर जायचं, सगळ्यांचा भात आणि माशांचं कालवण रांधायचं आणि दिवेलागणीच्या आत त्याच डोंग्यातून परतायचं. मग पलीकडे गाणी सुरू. नियम कोणी केला, कोणालाच ठाऊक नाही. मी एकदा थांबते म्हटलं, तर नवरा म्हणाला, "तुयाच भल्यासाठी सांगून राहिलो. अंधारात पाण्यावर बायाइचं काय काम?" आम्हाला उतरवून डोंगाही बेटावर परत जायचा. काठावर एकही डोंगा उरायचा नाही. मासेमाराच्या घरात मी आले, पण मला पोहता येत नाही. शिकवायची कोणाला गरज वाटली नाही. वारा आमच्याकडे असला तर अर्धी ओळ ऐकू यायची. नसला की समोर दिवे दिसायचे आणि मी दातओठ खात बसायची. मला फार राग यायचा. तुरुंगाला भिंतीच लागतात असं थोडंच आहे?

एका वर्षी जत्रेच्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि असा वारा सुटला की तलावाला लाटा आल्या. डोंगा काढायची कोणाची छाती होईना. आम्ही बेटावरच अडकलो. बाकीच्या बाया घरी राहिलेल्या लेकरांच्या काळजीनं देवाचं नाव घेत होत्या. मी मनातल्या मनात म्हणत होते, थांबू नको रे बाबा, सुटत राहा.

दीर आले. "वहिनी, तुमी साऱ्याजणी ताडपत्रीमांगं बसा. समोर नोका येऊ." आम्ही चुलीजवळ, ताडपत्रीमागे बसलो. अंधारून आलं आणि गाणी सुरू झाली. ताडपत्रीच्या फटीतून पाहिलं, साडी नेसलेला गडी माझं गाणं म्हणायला उभा राहिला. कंबर हलवली, पदरानं खोटेखोटेच डोळे पुसले, 'माहेर' म्हणताना असा हेल काढला की सगळे खो खो हसले. रोवणीत माझी आई आठवून जुळवलेलं गाणं ते. माझ्या हातातला कालवण ढवळायचा सराटा खाली पडला.

मी बसल्या जागेवरून गायला लागले. सुरुवातीला आवाज फाटला. मग गडी थांबला, हसणं थांबलं, ढोलकीवाल्यानं मात्र हात थांबवला नाही. त्यानं ठोका मागे धरला, अगदी चिखलातून पाय उपसावा तसा. माझ्या मागून बाकीच्या बाया गायला लागल्या. ताडपत्री कोणी उचलली नाही, पण पलीकडे कोणी खोकलंसुद्धा नाही. एवढं मोकळं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

सकाळी वारा पडला. परतताना नवऱ्यानं हात धरून मला डोंग्यात बसवलं. मला वाटलं, पटलं असेल.

पुढच्या वर्षी जत्रेच्या आधी साऱ्या गावानं मिळून एक गोष्ट आणली, मोटारीची नाव. चांगली रुंद, बसायला फळ्या, वर छत. दीर स्वतः मला बोलवायला आले. "वहिनी, नारळ तुमच्याच हातानं फोडायचा. मांगच्या साली तुमचे लय हाल झाले ना, तुमच्यासाठीच तं आणली." नवऱ्याच्या तोंडावर खरंच कौतुक होतं. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि भांडायला समोर कोणी वाईट माणूसच नव्हता. मी नारळ फोडला.

त्या संध्याकाळी आम्ही तिच्यातून परतलो. मोटारीचा आवाज एवढा की मागे ढोलकी सुरू झाली की नाही, तेही कळलं नाही. आता वारा कितीही सुटला तरी मी वेळेवर घरी पोचते.