हाफटाइमला उठणारी माणसं

मला बघायला आले तेव्हा आबांनी स्वयंपाक येतो का, असं विचारलं नाही. शिक्षण चौथी, हे त्यांना आधीच कळलं होतं. पोहे संपवून ते खिडकीशी गेले आणि म्हणाले, "पोरी, इकडं ये. फाट्यावर एसटी थांबलीय ना, तिची पाटी वाच."

आमचं घर कळवणजवळच्या खेड्यात. फाटा शेताच्या पार पलीकडे. मी खिडकीपर्यंत गेले आणि पुटपुटले, "नाशिक."

"मोठ्यानं."

"नाशिक."

माझे वडील दुखावले. मुलीच्या डोळ्यांत काही दोष नाही, असं ते जरा तोडूनच म्हणाले. आबा म्हणाले, "डोळे चांगले हायेत. आवाज बारीक हाय, पण तो वाढवता येतो." एवढ्यावर लग्न ठरलं. नाशिकच्या लोकांना सून नको, कंडक्टर पाहिजे, असं आमच्या गावात पुष्कळ दिवस म्हणत होते.

पाटी कशाला वाचायला लावली, ते लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी कळलं. आबा, म्हणजे माझे सासरे, अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे जात चालले होते. उजेड दिसायचा, माणूस उभा आहे एवढं दिसायचं, पण चेंडू दिसत नव्हता. आणि आबांना दुसरं काही दिसलं नाही तरी चालण्यासारखं होतं. इंदिरानगरच्या आमच्या घराजवळ मैदान आहे. तिथे आमच्या भागातल्या पोरांचा फुटबॉलचा क्लब खेळतो. क्लबचं खरं नाव कुणी घेत नाही, बनियनच्या रंगावरून सगळे त्यांना पिवळे म्हणतात. आबा तरुणपणी त्यांच्यात खेळले होते. आता नुसते बघायला जायचे, आणि बघता येत नव्हतं.

सासऱ्यानं सुनेचा हात धरायचा नसतो, म्हणून रस्त्यानं जाताना आमच्या दोघांत एक छत्री असायची. मूठ त्यांच्याकडे, टोक माझ्याकडे. ऊन असो, थंडी असो, छत्री मिटलेलीच. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघायच्या. मैदानावर तर सगळे पुरुष. आबा गोलच्या मागे, जरा बाजूला, रंगाची रिकामी बादली उलटी घालून बसायचे. मी त्यांच्या मागे पदर घेऊन उभी.

"सांग."

"काय सांगू?"

"दिसतंय ते."

"चेंडू तिकडे गेला."

"तिकडं म्हंजे कुठं? मला दिसलं असतं तर तुला कशाला आणली असती?"

मग त्यांनी शिकवलं. मैदानाची एक बाजू पाण्याच्या टाकीची, दुसरी मारुतीच्या देवळाची. चेंडू टाकीकडून आला की देवळाकडून, ते आधी सांगायचं. 'बहुतेक' म्हणायचं नाही. "बहुतेक आत गेला म्हंजे काय? गेला का नाय गेला?" आणि शेवट आधी सांगायचा नाही. एखाद्या रविवारी त्यांना बरं नसलं तर ते मला खिडकीतून बघून यायला सांगायचे. आमच्या गच्चीच्या जिन्याच्या खिडकीतून अर्धं मैदान दिसतं. मी वर जाऊन खाली आले आणि "आबा, हरले" म्हणाले, की ते चिडायचे. "हरले ते मला पोरं येऊन सांगतील. तू शिट्टीपासून सांग. कसे हरले ते कळल्याबिगर हरल्याचं काय करू मी?"

एका गोष्टीत मात्र त्यांना माझ्याकडून हार खावी लागली. आमच्या गोलकीपरचं नाव संदीप. माझ्या नवऱ्याचंही तेच. मी ते नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. मी म्हणायची, "जाळीतल्यांनी अडवला."

"जाळीतल्याला नाव नाय?"

"आहे."

"मग?"

मी पदर पुढे ओढला. शेजारी उभा असलेला टेंपोवाला हसून म्हणाला, "आबा, कशाला वहिनींना छळता? तुमच्या पोराचंच नाव आहे ते."

"माझा पोरगा जाळीत उभा राहिला असता तर मीच जोरात नाव घेतलं असतं," आबा म्हणाले. "तो घरी टीव्हीपुढं आडवा हाय."

हे खरं होतं. माझे यजमान फुटबॉल बघायचे, पण परदेशातला. त्या खेळाडूंची नावं त्यांना पाठ. आबा त्यांना विचारायचे, "ती टीम तुझ्या गल्लीतून जाते का? आपली जाते. मान खाली घालून जाते, पण जाते." यजमान मला म्हणायचे, "तू तरी त्यांच्या नादी लागू नकोस. लोक हसतात." लोक हसतात हे मला माहीत होतं. पण त्या मैदानावर मला कुणीतरी 'मोठ्यानं बोल' म्हणत होतं, आणि असं मला आयुष्यात दुसऱ्या कुणी म्हटलं नव्हतं.

आबांना सर्वांत राग यायचा तो हाफटाइमला उठून जाणाऱ्यांचा. आपली टीम मागे पडली, की ती माणसं चड्डीची धूळ झटकून चालू लागायची. आबांना चेहरे दिसत नसत, पण गाड्या सुरू झाल्याचे आवाज ऐकू येत. त्या बाजूला तोंड करून ते म्हणायचे, "निघाले. चांगल्या दिवसाला गर्दी आपोआप होते. वाईट दिवसाला बघणारा लागतो." कुणाबद्दलही वाईट बोलायचं असलं तर त्यांची तीच शिवी होती. बायकोला आजारपणात टाकून जाणारा एक नातेवाईक होता. "हाफटाइमला उठणारा माणूस तो," एवढंच आबा बोलले आणि पुन्हा कधी त्याच्या घरी गेले नाहीत.

गेल्या वर्षीचा हंगाम सुरुवातीपासूनच वाईट निघाला. मैदानावर प्रदर्शनाचा मांडव पडला होता. त्याच्या बांबूंचे खड्डे कुणी खडी टाकून बुजवले होते. पोरं पडली की गुडघे फुटायचे. शिकवणारे सर दुसऱ्या क्लबकडे गेले. पुढे खेळणारी दोन पोरं नोकरीसाठी पुण्याला गेली. राहिला संदीप, तो पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या गोण्या टेंपोत भरायचा आणि तिथून थेट मैदानावर यायचा. जवळून गेला की कांद्याचा वास यायचा.

पहिला सामना शेवटच्या कॉर्नरवर गेला. दुसऱ्यात आमच्यावर चार गोल झाले. चौथा झाला तेव्हा माझा आवाज बसला.

"सांग ना," आबा म्हणाले.

"आबा, तोच प्रकार. टाकीकडून आला आणि आत गेला."

"तोच नसतो. दर वेळेला येगळा असतो. नीट सांग."

आबांचे पाय तेव्हा सुजायला लागले होते. किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर जावं लागायचं, आणि तिथून आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मैदान तेवढंच जवळ, पण आता मध्ये किराण्याच्या दुकानाच्या पायरीवर बसावं लागायचं. तिथे बसल्या बसल्या एकदा म्हणाले, "पोरी, एक मॅच जिंकल्याची ऐकली की झालं. मग माझी काय तक्रार नाय."

तिसऱ्या सामन्यात संदीपच्या हातून साधा चेंडू निसटला. कडेची माणसं ओरडायला लागली, हाताला तेल लावून आलाय का म्हणून. सामना संपल्यावर आमच्याच कप्तानानं त्याला ढकललं आणि पुढच्या वेळी बाहेरून दुसरा गोली आणतो म्हणाला. मी हे आबांना सांगत होते, तर ते छत्रीवर जोर देऊन उभे राहिले.

"कप्तान, इकडं ये. दुसरा आणशील, तो एक रविवार येईल. हा येतो ना दर रविवारी? का तुला हाफटाइमला उठणारी माणसं पाहिजेत?"

कप्तान चेंडू उचलून निघून गेला. संदीप जाळीला टेकून बसला होता. घरी येताना आबांनी वाटेत दोनदा बसायला मागितलं. त्यानंतर ते मैदानावर गेले नाहीत.

चौथ्या सामन्याच्या आधी डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं. घरी म्हणजे कशासाठी, ते आम्हाला कळलं. रविवारी दुपारी आबांनी डोळे उघडले आणि विचारलं, "छत्री कुठाय?"

"आबा, आज नाही जमणार."

"मला नाय. तुला. जा, बघून ये आणि मला सांग."

मी त्यांच्याशिवाय त्या मैदानावर कधी गेले नव्हते. मी यजमानांकडे पाहिलं. ते माझ्या मागून दारापर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "जा. पण काहीही झालं तरी जिंकले म्हणून सांग. त्यांना कुठे दिसतंय? तेवढं समाधान घेऊन जाऊ दे."

छत्री घेऊनच गेले. बादलीवर बसायला धीर होईना, म्हणून तिच्याजवळ उभी राहिले. टेंपोवाल्यानं विचारलं, "वहिनी, आबा?" मी मान हलवली. त्यानं माझ्यापुढची माणसं बाजूला केली. संदीप जाळीत होता. कप्तानानं दुसरा आणला नव्हता.

पहिल्या अर्ध्यात आमच्या एका लहानखुऱ्या पोरानं देवळाच्या बाजूनं चेंडू नेला, दोघांच्या मधून काढला आणि आत मारला. त्या हंगामातला आमचा पहिला गोल. मी मनातल्या मनात तो आबांना सांगितला, एकेक पाऊल नीट लक्षात ठेवून. हाफटाइमला त्या दिवशी कुणी उठलं नाही. मग दुसरा अर्धा सुरू झाला आणि आमचे पाय थकले. एक गोल बरोबरीचा झाला. शेवटी एक उंच चेंडू आला, संदीपनं तो धरला आणि त्याच्या हातून तो सुटला.

घरी येताना मी फक्त एकाच गोष्टीचा विचार करत होते. यजमान सांगतात ते बरोबर असेल. पण 'बहुतेक' म्हटलेलंसुद्धा ज्यांना चाललं नाही, त्यांच्या कानात मी खोटा गोल कसा घालू? दारात यजमान उभे होते. माझं तोंड बघून त्यांना कळलं. "सांगितलं ते लक्षात ठेव," ते म्हणाले.

दिवेलागणीची वेळ होती. आबांचा श्वास मोठ्यानं चालला होता. मी कॉटशेजारी खाली बसले.

"आलीस?"

"आले."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "तुझं पाऊल जड वाटलं जिन्यात."

यजमान दारातून मला खुणा करत होते.

"शेवट नको सांगू," आबा म्हणाले. "शिट्टीपासून सांग."

मी सांगायला लागले. कोण कुठे उभं होतं, ऊन कुणाच्या डोळ्यांवर होतं, खडीत कोण पडलं. तो लहानखुरा पोरगा देवळाकडून निघाला तेव्हा आबांची बोटं चादरीवर हलायला लागली. गोल झाला म्हणताच त्यांनी विचारलं, "कुठल्या पायानं?"

"डाव्या."

"डाव्या," ते म्हणाले. मला वाटतं ते हसले. "पुढं?"

"मग हाफटाइम झाला."

"आपण पुढं?"

"एकानं पुढे."

"मग जरा थांब. लय बोललीस. चहा घे, मग बाकीचं सांग."

मी चहा ठेवला. माझा आणि यजमानांचा. त्यांच्यासाठी कपात दोन चमचे पाणी घेतलं, तेवढंच चालायचं. परत आले तेव्हा खोलीत श्वासाचा आवाज नव्हता. मी कप खाली ठेवला आणि त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तो अजून गरम होता.

यजमान भिंतीला टेकून रडत होते. मी तिथेच बसले आणि पुढचं सांगायला लागले. दुसऱ्या अर्ध्यात आपले पाय थकले. टाकीकडून चेंडू आला, बरोबरी झाली. यजमान म्हणाले, "पुरे कर, ते गेले." मी थांबले नाही. शेवटी एक उंच चेंडू आला. संदीपनं तो धरला. संदीपच्या हातून तो सुटला. संदीप तिथेच बसला, आणि कप्तान त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला, त्याला ढकललं नाही. मग शिट्टी झाली.

यजमानांनी ते नाव माझ्या तोंडून ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं.

पिवळे त्या वर्षी शेवटच्या नंबरावर राहिले. मी दर रविवारी शेवटची शिट्टी होईपर्यंत उभी असते, छत्री घेऊन. हाफटाइमला गाड्या सुरू झाल्या की मला तो चहा आठवतो. आयुष्यात एकदाच आबा हाफटाइमला उठले, आणि तेव्हा आपण पुढे होतो.