सगळ्यात खालचं नाव

गोटीमामा आत्ताच आवळलेला स्क्रू परत सोडवत होता.

मी त्याच्या समोरच्या टेबलावर बसते. आधी वाटलं, तिरका बसला असेल. अंबडच्या आमच्या कंपनीत पंख्याचे रेग्युलेटर बनतात, मागं बारीक स्क्रू असतात, तिरका गेला तर काढावाच लागतो. पण मामानं तो काढला, त्यावर फुंकर मारली आणि तोच स्क्रू त्याच भोकात परत आवळला. मग परत सोडवला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस किती मन लावून काम करतोय. हात चालू, काम बंद.

भिंतीवर मोठा टीव्ही. त्यावर आमच्या लाइनीतल्या सगळ्यांची नावं. ज्याचा माल जास्त तो वर, हिरव्या पट्टीत. ज्याचा कमी तो खाली, लाल पट्टीत. सगळ्यात खाली लिहिलं होतं, गोटीराम भोये.

आमचे सुपरवायझर किशोर सर मागून आले. टीव्हीकडं बघून म्हणाले, "काय गोटीराम, तूच पसंत केलेला जावई ना हा? आता तुलाच डोळे दाखवायला लागला का?"

लाइन हसली. मामा मान खाली घालून बसला. माझं डोकं फिरलं.

"सर, जावई कंपनीनं आणलाय. मामानं नुसती पत्रिका बघितली."

"तू जास्त बोलू नको, पाच नंबर."

मी उठायलाच लागले होते. मामानं वर न बघता म्हटलं, "खाली बस, संजना."

बसले. त्यानं सांगितलं म्हणून बसले, दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर नसते बसले.

हा गोटीमामा सुरगाण्याकडचा. वय पन्नाशीला टेकलेलं. मे महिन्यातसुद्धा बिनबाह्याचा स्वेटर घालतो, कारण त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद होत नाय आणि तो बदलायला सांगत नाय. डब्यात नागलीची भाकरी. कंपनीत यायच्या आधी दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत होता, पाठीवर औषधाचा पंप घेऊन फवारायचा. तिथं त्याला सगळे पंपच म्हणायचे. "पंपाला जेवायला हाक मार." "पंप आला का?" त्यानंच सांगितलेलं, हसत हसत. मला नव्हतं हसू आलं.

आमच्याकडं तेच, फक्त नंबरानं. ज्या टेबलावर बसशील तो तुझा नंबर. मी पाच, मामा चार, बायडाबाई मावशी नऊ. किशोर सरांना आमची नावं माहीत असतील-नसतील, टीव्ही येईपर्यंत कधी घेतली नाय. मामा मात्र कधीच कोणाला नंबरानं हाक मारत नाय. पहिल्या दिवशी मला विचारलं, "नाव काय गं तुझं?" आणि तेव्हापासून संजना. नववीत शाळा सोडली तेव्हापासून मला इतक्या नीट कोणी हाक मारली नव्हती.

बायडाबाई मावशी पेठकडची, मामाच्याही आधीपासून कंपनीत. मामा नवीन होता तेव्हा त्याचे निम्मे पीस रिजेक्ट व्हायचे. ते मावशी आपल्या टेबलाखाली सरकवायची आणि जेवायच्या सुट्टीत दुरुस्त करून द्यायची. त्याला अजून गोट्याच म्हणते. "ए गोट्या, भाकर कोरडीच खातोस, ये चटणी घे." मामा तिला बाय म्हणतो. सख्ख्या भावा-बहिणीत असतं त्यापेक्षा जास्त आहे त्यांच्यात.

तर, जावयाची गोष्ट.

तृप्ती मॅडम वरून नवीन आल्या होत्या. म्हणाल्या, लाइनीवर डिजिटल सिस्टीम आणायची आहे, पण जे वापरणार त्यांच्यातला एक माणूस निवडताना बसला पाहिजे. असं कोणी आधी विचारलंच नव्हतं. आम्ही मामाचं नाव दिलं. लाइनीतला काळू म्हणाला, "मामा, जावई बघायला चाललात, पोहे नीट खाऊन या."

कॅन्टीनमध्येच दाखवलं. दोन कंपन्यांची माणसं आली होती.

पहिल्यानं एक डबी ठेवली. त्यावर दोन बटणं आणि वर दिवा. मशीन अडकलं तर लाल दाबायचं, माल संपला तर पिवळं. दाबलं की मेंटेनन्सवाल्याच्या मोबाईलवर घंटा. मामानं लाल दाबलं. आमचा मेंटेनन्सवाला बुद्धभूषण, ज्याला तीन हाका मारल्याशिवाय तो मान वर करत नाय, तो चहाचा कप हातात घेऊन धावत आला. "काय झालं? काय झालं?" सगळं कॅन्टीन हसलं. मामापण हसला. परत दाबलं. बुद्धभूषण म्हणाला, "मामा, आता मारीन हां."

दुसऱ्यानं टीव्ही लावला. टेबलावर ठेवायच्या टॅबवर पीस झाला की बोट लावायचं, टीव्हीवर आकडा वाढणार. त्यानं आमची नावं आधीच घेऊन ठेवली होती. बटण दाबलं आणि पडद्यावर सगळी नावं आली, मराठीत, वीतभर अक्षरात. काळू, संजना, बायडाबाई. सगळी हिरव्या पट्टीत. मावशीनं डबा खाली ठेवला आणि उभी राहिली. तिला वाचता येत नाय, पण सही शिकलीये, त्यामुळं स्वतःचं नाव ओळखते. बोटानं हवेतच अक्षरं गिरवत होती.

मॅडमनी विचारलं, "गोटीराम, कुठलं?"

मामा म्हणाला, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, "नावाचं."

टीव्ही लागला त्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मीपण वाजवल्या. सगळ्यांनी टीव्हीखाली फोटो काढले. मावशीनं पदर सारखा केला, केस बसवले, मग काढू दिला. किशोर सरांना त्या दिवशी पहिल्यांदा तोंडातून "बायडाबाई" म्हणावं लागलं.

पट्टी लाल होते हे पुढच्या आठवड्यात कळलं.

टीव्ही कोणाला तरी खाली ठेवणारच. सगळ्यांनी जीव तोडून काम केलं तरी शेवटचे तीन लाल. आणि त्या तीनमध्ये बायडाबाई गावित रोज. कारण तिची गन. स्क्रू आवळायची जी मशीन टेबलावर लटकते तिला आम्ही गन म्हणतो. नऊ नंबरची गन मध्येच मरते. मग मावशी हात वर करून बसते, किशोर सर बघतील तेव्हा बघतील, बुद्धभूषण येईल तेव्हा येईल. आधी हे चालून जायचं. आता ती हात वर करून बसली की टीव्हीवर तिचं नाव घसरायचं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. टॅबला गन मेलेली दिसत नाय, नुसती बाई बसलेली दिसते.

मग किशोर सरांनी उभं राहून सांगितलं, "महिन्याच्या शेवटी जे नाव सगळ्यात खाली, त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढं होणार नाय. वरून ऑर्डर आहे."

त्या दिवसापासून लाइन मामावर उलटली. जेवताना त्याच्या बाजूची जागा रिकामी राहायला लागली. काळू, ज्याला मामानंच कामाला लावलं, तोच म्हणाला, "मामा, तुमच्या नावाच्या हौसेपायी आम्ही फासावर." एक बाई तर मावशीला ऐकू जाईल असं बोलली, "घंटा घेतली असती तर नऊ नंबरची गन तरी सुधरली असती. पण यांना टीव्हीवर यायचं होतं."

मामा डबा घेऊन मागच्या नळाजवळ जायला लागला. एकदा मी मागं गेले तर भाकरी तशीच, तो नुसता डबा धूत होता, धुतलेलाच परत धूत होता. मला बघून तोंड फिरवलं. मोठ्या माणसाला इतकी लाज वाटलेली मी कधी बघितली नव्हती. मारलं असतं कोणी तर मी मध्ये पडले असते. लाजेच्या मध्ये कसं पडायचं?

आणि त्यानंतर हे स्क्रू सोडवणं सुरू झालं.

मला कळायला दोन दिवस गेले. मामा टीव्हीकडं बघायचा. मावशीचं नाव एक घर खाली आलं की याचे हात मंद व्हायचे. ती वर सरकली की हा चालू. कायम तिच्या एक घर खाली. मी चहाच्या वेळी त्याला गाठलं.

"मामा, हे काय चाललंय?"

"काय चाललंय?"

"मी आंधळी नाय. नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय! तिकडं गावाला बसून काय करणार, परत पंप घेणार पाठीवर?"

"घेईन की. पाठ हाय अजून." मग हळूच म्हणाला, "घरात मी आणलंय ते, संजना. कोणाला तरी चावणार, तर मला चावू दे. बायला नाय."

"मी सांगते तृप्ती मॅडमला."

"सांगितलंस तर माझ्याशी बोलू नको."

मी मॅडमकडं गेले नाय. रोज डोकं फुटायची वेळ यायची, तरी नाय गेले.

महिन्याचे दहा-बारा दिवस उरले तेव्हा पाहुणे आले. मोठं गिऱ्हाईक होतं कंपनीचं. तृप्ती मॅडम त्यांना घेऊन लाइनीवर आल्या, टीव्ही दाखवला आणि कौतुकानं म्हणाल्या, "आणि विशेष म्हणजे ही सिस्टीम आमच्या कामगारांनीच निवडलीय. हे गोटीराम. सांगा ना दोन शब्द."

मामा उभा राहिला. त्याच्या बरोबर मागं टीव्ही, आणि त्यावर सगळ्यात खाली लाल पट्टीत त्याचंच नाव. पाहुण्यांनी टीव्ही बघितला, मग मामा बघितला, मग एक जण बुटांकडं बघायला लागला. दुसरा तोंड दाबून हसला. मॅडमना तेव्हा दिसलं. त्यांचा चेहरा उतरला.

मामाचा स्वेटर वरखाली होत होता. म्हणाला, "मॅडम, चूक माझी हाय. मला नावं आवडली. खालचा रंग काय करतो ते मी इचारलंच नाय. माणूस कशापायी मागं पडला ते याला कळत नाय, नुसता मागं पडला एवढंच सांगतो. हे काढा. बाकी कोणाची यात चूक नाय, माझ्या एकट्याची."

मावशी नऊ नंबरवर खाली बघत बसली होती. तिची गन तेव्हापण बंदच होती.

पाहुणे गेल्यावर मॅडम परत आल्या. ओरडतील वाटलं होतं, ओरडल्या नाय. म्हणाल्या, "टीव्ही काढता येणार नाही, वरच्यांना आकडे हवेत. रंगपण त्यांनीच मागितलेत. एवढं करता येईल, नावं काढते. टेबलाचा नंबर राहील. चालेल?"

म्हणजे परत चार, पाच, नऊ. ज्या माणसानं जन्मात कोणाला नंबरानं हाक मारली नाय, त्याच्याच तोंडून हे वदवून घ्यायचं होतं. मामानं एकदा टीव्हीकडं बघितलं.

"काढा," म्हणाला. "पण मग रोज टेबलं बदलून बसू द्या."

"का?"

"नंबरच हाय ना. कोणीपण बसू शकतं."

मॅडमनी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी नऊ नंबरवर मी बसले. नऊ लाल. मग काळू बसला, ज्याचं नाव कायम वर हिरवं असायचं. नऊ लाल, सगळ्यात खाली. काळू गनला शिव्या घालत हात वर करून बसला आणि पहिल्यांदाच मामाकडं बघून मान खाली घातली. किशोर सर म्हणाले, "आता धरू कोणाला?" मी म्हणाले, "गनला धरा सर." आठवडाभर नऊ लाल राहिलं तेव्हा मॅडमनी स्वतः येऊन गन हातात घेतली, ती त्यांच्या हातात मेली, आणि नवीन आली. महिन्याच्या शेवटी कोणाचंच कॉन्ट्रॅक्ट तुटलं नाय. घंटेची डबी अजून आलेली नाय. मॅडम म्हणतात, मागितलीय.

लाइन परत मामाशी बोलायला लागली. बायडाबाई मावशी सोडून. ती चटणी पुढं सरकवायची, पण त्याच्याकडं बघायची नाय. मामापण घ्यायचा आणि बघायचा नाय. मला लय राग आला. ज्यानं हिच्यासाठी स्वतःला सगळ्यांपुढं उघडं केलं, त्याच्याशी हिनं असं वागायचं? एवढा कसला राग?

दिवाळीनंतर मावशीनं काम सोडलं. सुनेला बाळ झालं, गावाला राहायला चालली होती. मी तिची पिशवी घेऊन बस स्टॉपपर्यंत गेले. बसायला जागा नव्हती, उभ्या होतो. मी म्हटलंच, "मावशी, जाताना मामाशी दोन शब्द बोलली असतीस तर काय झिजली असतीस?"

तिनं मोबाईल काढला. पहिल्या दिवशीचा फोटो होता, टीव्हीखाली ती, वर हिरव्या पट्टीत तिचं नाव. तो तिनं बोटानं पुसला, काच पुसतात तसा.

मग सांगितलं. कॅन्टीनमध्ये डबी आणि टीव्ही दाखवला त्या दिवशी मामा संध्याकाळी तिच्या खोलीवर गेला होता. म्हणाला होता, "बाय, मी उद्या घंटाच सांगणार हाय, तुझ्या गनसाठी." आणि हिनंच त्याचा हात धरून म्हटलं होतं, "नको रं गोट्या. नावाचं घे."