काडीमास्तरांची पडवी

बूटवाल्याच्या दुकानाच्या जिन्याखाली दोन हात रुंद जागा आहे. तिथे एक गृहस्थ चाळीस वर्षं छत्र्या दुरुस्त करत बसले आहेत. मोडक्या छत्र्यांच्या काड्या काढून ते लांबीप्रमाणे डब्यांत लावून ठेवतात, म्हणून गल्ली त्यांना काडीमास्तर म्हणते. हल्ली छत्री मोडली की लोक फेकून देतात आणि मास्तर ती उचलून आणतात. मी येता-जाता त्यांना टोमणा मारायचो, "मास्तर, भंगारवाले व्हायचे राहिलात." ते हसून सुई ओवत राहायचे. ते आठवलं की आता माझी मलाच लाज वाटते.

मी निवृत्त बस ड्रायव्हर. तोंडाचा फटकळ, हे बायको सगळ्यांना आधीच सांगून ठेवते. निवृत्तीनंतर आम्ही एक जुना ट्रेलर घेतला, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. आत दोन पलंग, एक शेगडी, आणि दाराच्या बाजूला नळीवर गुंडाळून ठेवायचं कापडी छत. दोन दांड्या उभ्या केल्या की दारापुढे सावली. आम्ही त्याला पडवी म्हणायचो.

दोन सहली झाल्या आणि बायको आजारी पडली. औषधं अशी की ऊन अंगावर घ्यायचं नाही. दहा मिनिटं जरी बसली तरी कातडी भाजल्यासारखी लाल व्हायची. वर्षभर ती घरात पडदे ओढून होती. मग समुद्रकाठी राहणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीने बोलावलं. डॉक्टर म्हणाले, सावलीत बसणार असतील तर खुशाल जा.

"पडवी धड असेल तर येते," बायको म्हणाली. "त्या डब्यात कोंडून घ्यायला एवढ्या लांब कशाला जायचं? ते मला घरीच जमतंय."

वर्षभरात पहिल्यांदा तिने कुठे जायचं नाव काढलं होतं. मी त्याच दिवशी पडवी उघडायला गेलो. निघायला आठ दिवस होते.

आता माझा प्रताप सांगतो. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाचा एकाच गोष्टीवर विश्वास असतो, तो म्हणजे ग्रीस. काही कुरकुरलं की ग्रीस, काही अडलं की ग्रीस. कापडाची कड ट्रेलरच्या ज्या खाचेत सरकते, तिथेही मी आदल्या वर्षी बोटबोट ग्रीस भरून ठेवलं होतं. त्यात वर्षभराची धूळ बसली. मी जोर लावून कापड ओढलं आणि कड हातभर उसवून बाहेर आली. बायको खिडकीच्या पडद्याआडून बघत होती. तिने नुसता पडदा सारखा केला. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

नवीन कापड मागवलं तर महिना लागणार होता. शेवटी मान खाली घालून जिन्याखाली गेलो.

मास्तर आले, खाचेत बोट फिरवून त्यांनी ते नाकाशी नेलं. "ड्रायव्हरसाहेब, कापडाला ग्रीस?"

"चुकलं."

"चुकलं नाही, प्रेम जास्त झालं." एवढंच. माझ्या जागी ते असते तर मी त्यांना तासभर सुनावलं असतं.

आधी त्यांनी नळीतली स्प्रिंग दोरीने करकचून बांधली. ती मोकळी सुटली तर हात पिरगाळते, म्हणाले. मग कापड उतरवून साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने धुतलं, पूर्ण वाळवलं. कडेला दुहेरी शिवण घातली. खाच मला रॉकेलने पुसायला लावली आणि तिच्यात साधी मेणबत्ती घासली. कापड असं सरकलं की मी तीनदा उगाचच ओढून पाहिलं.

त्यानंतर भर दुपारी छत उघडून मास्तर त्याच्याखाली उताणे झोपले. वर जिथे जिथे उजेडाचा ठिपका दिसला तिथे खडूने खूण केली. एकोणतीस भोकं निघाली. प्रत्येकावर छत्रीच्या कापडाचं ठिगळ बसलं. पाऊस साचू नये म्हणून एक दांडी चार बोटं खाली ठेवायचीही त्यांनी ताकीद दिली. सहा दिवस ते दुकान बंद ठेवून माझ्या अंगणात राबले. मी चहा करत होतो आणि शक्यतो गप्प बसत होतो.

आम्ही गेलो. समुद्राजवळ मी पडवी उघडली, खुर्ची मांडली आणि बायको बाहेर येऊन बसली. बहिणी-बहिणी अशा बोलायला लागल्या की मला कोणी विचारेना. मला एवढं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

चार वाजता ऊन तिरपं झालं आणि छताखालून सरळ तिच्या पायांवर आलं. याचा मी विचारच केला नव्हता. मुकाट्याने तिची खुर्ची आत न्यायला उठलो.

"अहो, थांबा," ती म्हणाली. "पुढच्या नळीला फिती आहेत बघा, त्या सोडा."

फिती सोडल्या. गुंडाळलेला एक पडदा लांब नाड्यांवर खाली आला, छत्र्यांच्या काळ्या कापडाचा, तुकडे जोडून शिवलेला. तो तिच्या खांद्यापासून पावलांपर्यंत बरोब्बर आला. त्याच्या वरच्या मोकळ्या जागेतून तिला समुद्र दिसत होता.

"हे कधी झालं?"

"तुम्ही दोरा आणायला गेला होता तेव्हा. त्यांनी मला खुर्चीत बसवून माप घेतलं. विचारलं, वहिनी, तुम्हाला बसून काय बघायचंय?"

वर्षभर मी डॉक्टरांना विचारलं, औषधवाल्याला विचारलं, ओळखीपाळखीच्या सगळ्यांना विचारलं. तिला हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मी मास्तरांना फोन लावला. त्यांनी उचलला तसा मी फोन तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "मास्तर, मी अजून बाहेरच बसलेय."