सलीमचं कार्डांचं दुकान

महाडच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली, तेव्हा अम्मानं माझ्या खिशात बडीशेपेची पुडी कोंबली. म्हणाली, "मळमळलं तर चघळ. आनि तिथं परदेशात कुनाशी तंडू नको रे." माझे संगणक आदल्याच दिवशी पोलादपूरचा एकजण टेम्पोत घालून घेऊन गेला होता. मी कॅफे का विकलं, हे महाडात सगळ्यांना ठाऊक आहे. पुढं काय झालं, ते नाही.

बाजारपेठेतल्या गाळ्यात माझं नेट कॅफे होतं. नवरे आखातात असलेल्या बायका हेडफोन लावून नेटवरून त्यांच्या फोनवर निवांत बोलत बसायच्या. याच बायका पूर्वी एसटीडी बूथवर मीटरकडे बघत रडायच्या. आता पोरांना गाणी म्हणून दाखवायला लावायच्या. एमआयडीसीतले कामगार नोकरीचे अर्ज पाठवायचे. एका ट्रकवाल्या चाचांना पुण्याहून परतीचा माल थेट ईमेलवर मिळू लागला, मधला दलाल सुटला. यातल्या कशालाही कुणाची परवानगी लागत नव्हती. माझंही घर त्यावरच चाललं होतं.

माझा आतेभाऊ सलीम आखातातून सुट्टीवर आला, तेव्हा हे सगळं बघून म्हणाला, "तिकडं आपली किती मान्सं हायत! कामगारांच्या वस्तीत असंच कॅफे टाकू. अर्धं तुझं."

तिथं पोचलो तर दुकान होतं, संगणक एकही नव्हता. काचेखाली टेलिफोनची कॉलिंग कार्डं मांडलेली. दुसऱ्याच्या कॅफेत जाऊन मी कॉलची साइट उघडली. पडद्यावर सूचना आली : ही साइट या देशात बंद आहे. नेटवरून फोन करणं तिथं बेकायदा होतं. बोलायचं तर तिथल्या टेलिफोन कंपनीच्या दरानं, तिचीच कार्डं घेऊन.

मी सलीमला विचारलं, "तुला म्हायत होतं?"

तो कार्डं लावत होता. मान वर न करता म्हणाला, "सांगितलं असतं तर आला असतास? मला घरचा मानूस पायजे होता गल्ल्यावर."

माझा व्हिसा त्याच्या हातात होता, त्याला सोडून दुसरीकडं काम करता येत नव्हतं. मुदत संपेपर्यंत मी आपल्याच महाड-पोलादपूरच्या माणसांना कार्डं विकली. शुक्रवारी नमाजनंतर रांग लागायची. आईशी बोलता बोलता कार्ड संपलं की माणूस रिसीव्हरकडे बघत उभा राहायचा, मग माझ्याकडे यायचा. मी त्याला दुसरं द्यायचो.

पुढं मी एका गोदामात नोकरी धरली आणि तिथंच राहिलो. अधूनमधून घरी येतो. महाडात आता गल्लोगल्ली नेट आहे. सलीमनं आमच्याच आळीत बंगला बांधलाय. परक्यानं फसवलं असतं, तर घरी येऊन सांगितलं असतं. आपल्यानंच फसवलं, ते कुठल्या घरी सांगू? आत्या म्हातारी झालीय, अम्माची तब्येतही तोळामासा.

ईदला अम्मा शीरखुर्म्याचा वाडगा भरते, वर रुमाल टाकते. "सलीमच्या घरी देऊन ये, त्यानंच तुला मार्गाला लावला," म्हणते.

मी वाडगा उचलतो आणि देऊन येतो.