एकशे बेचाळीस

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. पुरावा नसेल तर बग मानायचा नाही, ही सवय. असल्या गूढ, न पटणाऱ्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी उठून जायचे... पण हे माझ्याच बाबतीत घडलं.

हिंजवडीत नव्या कंपन्या येत होत्या, तेव्हाची गोष्ट. मला सातव्या महिन्यातच जुळं झालं — मुलगा आणि मुलगी. मुलगी माझ्याबरोबर, नारायण पेठेजवळच्या हॉस्पिटलात, काचेच्या पेटीत. मुलाला श्वास जमेना, म्हणून त्याला स्वारगेटकडच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. नवरा, सुहास, तिकडे थांबला. माझे टाके ओले, मला कुणी जाऊ देईना.

मी दिवसभर मुलीच्या मॉनिटरकडे बघत बसायचे. ठोक्यांचा आकडा सारखा बदलायचा आणि माझा जीव वरखाली व्हायचा. सिस्टर म्हणायच्या, "अहो, झोपेत बाळाचे ठोके कमीजास्त होणारच. बदलतात तेच चांगलं."

बुधवारी दुपारी तीन दहाला आकडा एकशे बेचाळीसवर थांबला. मुलगी झोपेत होती. पापण्यांखाली बुबुळं फिरत होती, ओठ हलत होते... आणि आकडा तोच! सिस्टरांनी वायर बदलली, मग मशीनच बदललं. तरी एकशे बेचाळीस. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून घड्याळावर मोजले — तेवढेच. वीस मिनिटांनी आकडा आपोआप हलायला लागला. सिस्टरांनी चार्टवर वेळ लिहून ठेवली.

संध्याकाळी सुहासचा फोन आला. मी हसत म्हटलं, "तुझी लेक आज फार शिस्तीत झोपली होती. बाळ कसाय?"

"ठीक आहे. तू जेवून घे," तो म्हणाला.

शुक्रवारी सासूबाई आल्या, पलंगावर बसल्या. "अगं, तुला त्रास नको म्हणून सांगितलं नाही..."

मुलगा बुधवारीच गेला होता. सगळं उरकूनही झालं होतं. मी त्याला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं.

मृत्यूच्या दाखल्यावर वेळ होती — दुपारी तीन दहा.

मी चार्ट दाखवला. डॉक्टर म्हणाले, "योगायोग." सुहास म्हणाला, "आता हे उकरून काय मिळणार?" बरोबरच आहे त्याचं. उकरायला मला ठेवलं काय होतं त्यांनी?

मुलगी आता कॉलेजात आहे, ठणठणीत. त्या वीस मिनिटांचा अर्थ मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही. भाऊ गेला ते दीड किलोच्या पोरीला, झोपेत, बंद पेटीत कळलं. सुहासला माहीत होतं. सासूबाईंना माहीत होतं.

सगळ्यांत शेवटी कळलं ते आईला.